संगणकात अठ्ठेचाळीस गुण, आणि अर्जापाशी अडलेला मुलगा

विचारणारे शिक्षक माध्यमिक शाळेत दोन वर्षांपासून संगणक शिकवतात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: घटक चाचणीत आठवी-नववीच्या मुलांना ऐंशी-नव्वद टक्के पडतात, पण त्याच मुलांना शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी फोटो लहान करता येत नाही, काल केलेली फाइल आज सापडत नाही. मग परीक्षेत आपण मोजतो ते काय? आणि शाळेबाहेर उपयोगी पडेल असं डिजिटल कौशल्य तपासायचं कसं, तेही तुकडीत साठ मुलं आणि लॅबमध्ये दहा मशीन असताना?

सर, हा प्रश्न तुम्हाला दुसऱ्याच वर्षी पडला याचा मला आनंद वाटतो. मला पडायला बराच काळ जावा लागला. मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत चोवीस वर्षं भूगोल शिकवते आणि त्यातली बरीच वर्षं संगणक कक्षही माझ्याकडे आहे. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते करून, चुकून, पुन्हा करून बघितलेलं आहे.

एका जूनमध्ये दहावीचा निकाल लागल्यावर आमचा एक मुलगा अकरावीचा अर्ज भरायला शाळेच्या ऑफिसात आला. दाखल्याची पीडीएफ वडिलांनी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. ती अर्जाला जोडायची होती. ‘फाइल निवडा’वर बोट ठेवलं की त्याच्यासमोर गॅलरी उघडायची आणि तिथे नुसते फोटो. पाच-सहा वेळा तो मागे गेला, परत आला. शेवटी म्हणाला, “मॅडम, फाइल गेली.” फाइल कुठेही गेली नव्हती. फोनच्या डॉक्युमेंट्सच्या फोल्डरमध्ये होती. नववीला मी त्याला फोल्डर आणि सबफोल्डरमधला फरक विचारला होता आणि त्याने तो बरोब्बर लिहिला होता. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गुण मीच दिले होते.

त्या संध्याकाळी मी जुन्या प्रश्नपत्रिका काढून बसले. सीपीयूचं पूर्ण रूप लिहा. सेव्ह करण्यासाठी कोणत्या दोन कळा दाबाल? प्रिंटची आज्ञा कोणत्या मेनूत असते? हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची उत्तरं एका ठरावीक पडद्याशी बांधलेली आहेत. जुन्या लोकांना आठवत असेल, मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७च्या आवृत्तीत मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आली आणि मुलांनी पाठ केलेला ‘फाइल मेनू’ एका आवृत्तीत दिसेनासा झाला. ज्यांनी जागा पाठ केली होती ती मुलं अडली. ज्यांना ‘छापणं हे अख्ख्या फाइलचं काम आहे, तेव्हा जिथे फाइलची कामं असतील तिथे शोधू’ एवढं कळलं होतं, ती दोन मिनिटांत पुढे गेली. दोघांनाही माझ्या परीक्षेत सारखेच गुण पडले होते.

आपल्याच स्टाफरूममध्ये बघा ना. राज्याच्या ‘सरल’ पोर्टलवर वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांची माहिती भरणारे शिक्षक केंद्राच्या यू-डायस प्लस पोर्टलचं पान उघडलं की पहिल्या दिवशी कुणाला तरी शेजारी बसवतात. काम तेच, रकाने जवळजवळ तेच. पण एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपोआप जात नाही. हा माणसाच्या शिकण्याचाच स्वभाव आहे, त्यात कुणाच्या हुशारीचा प्रश्न नाही.

यावर एक जुना आणि फार शिकवणारा प्रयोग आहे. १९८०मध्ये मेरी गिक आणि कीथ होलिओक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक कोडं घातलं. पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही. किरण जोरात सोडले तर गाठ जाते पण वाटेतला निरोगी भागही जळतो, हळू सोडले तर गाठीला काही होत नाही. काय कराल? आधी काही न सांगता विचारलं तर दहातल्या जेमतेम एकाला सुचतं की मंद किरण अनेक दिशांनी सोडायचे, ते गाठीवर एकत्र यावेत असे. मग काही जणांना आधी एक गोष्ट वाचायला दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यायचा आहे, वाटांवर सुरुंग आहेत, मोठी फौज एका वाटेने गेली तर स्फोट होतो. म्हणून तो फौजेच्या छोट्या तुकड्या करून सगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर पोचवतो. गोष्ट वाचूनही दहातल्या साधारण तिघांनाच किल्ल्यावरून गाठ सुचली. पण ‘मघाची गोष्ट इथे उपयोगी पडेल’ एवढं एक वाक्य सांगितल्यावर दहातल्या सात-आठ जणांना कोडं सुटलं.

हा प्रयोग मला आपल्या कामाचा पाया वाटतो, आणि दोन कारणांसाठी. मुलाच्या डोक्यात गोष्ट होती, फक्त ती योग्य वेळी वर आली नाही. म्हणजे ‘येत नाही’ आणि ‘आठवत नाही की इथे हेच लागतं’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि आपली लेखी परीक्षा त्या वेगळ्या करू शकत नाही. दुसरं कारण त्याच दोघांच्या १९८३च्या प्रयोगात आहे. एकाऐवजी दोन गोष्टी देऊन त्यांतलं साम्य विद्यार्थ्यांनाच शोधायला लावलं, तर न सांगता सुचणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे. कोणतंही कौशल्य दोन वेगळ्या कामांतून शिकवायचं, दोन्हीत सारखं काय ते मुलांनाच बोलायला लावायचं, आणि परीक्षा तिसऱ्याच कामावर घ्यायची. वर्गात केलेलं काम जसंच्या तसं परीक्षेत कधीही द्यायचं नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते जरा तपशिलात सांगते.

आमच्या शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे. हवामान खात्याच्या रीतीप्रमाणे आम्ही रोज सकाळी साडेआठला आदल्या चोवीस तासांचा पाऊस मोजतो. पाळी नववीच्या मुलांची. त्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये जातात. जुलैतल्या एका आठवड्याचे आकडे होते: १२, ०, ३४, ८, ०, ५१, ६. बेरीज १११ मिलिमीटर. एका गटाची बेरीज मात्र ७७ येत होती. सूत्र बरोबर, सातही रकाने निवडलेले, पडद्यावर चुकीचा कसलाच इशारा नाही. मुलं तीन वेळा सूत्र पुसून परत लिहून बसली. शेवटी एकीच्या लक्षात आलं की ३४च्या पुढे कुणीतरी ‘मिमी’ लिहिलंय. मशीनच्या दृष्टीने तो आकडा राहिला नव्हता, मजकूर झाला होता, आणि बेरजेचं सूत्र मजकूर गुपचूप सोडून देतं. १११ वजा ३४, ७७. तो तास मी दुसरं काहीही शिकवलं नाही. संख्या आणि मजकूर यांतला फरक, आणि मशीन चूक दाखवत नाही म्हणजे उत्तर बरोबर असेलच असं नाही, या दोन गोष्टी मुलांच्या मनात पक्क्या होण्यासाठी तो एक तास सत्कारणी लागला.

त्याच आकड्यांत दुसरी एक खोच आहे. पाऊस पडला नाही त्या दिवशी काही मुलं शून्य लिहितात, काही रकाना मोकळा सोडतात. सरासरीचं सूत्र मोकळा रकाना मोजतच नाही. शून्य लिहिलं तर १११ भागिले ७, म्हणजे साधारण १५.९. मोकळं सोडलं तर १११ भागिले ५, २२.२. ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘पाऊस मोजला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे भूगोलाच्या पुस्तकातून मला कधी इतकं स्पष्ट शिकवता आलं नव्हतं.

यानंतर दुसरं काम दिलं वर्गाच्या हजेरीचं. तिथेही ‘गैरहजर’ आणि ‘हजेरी घेतलीच नाही’ हा फरक येतो. दोन्ही कामं झाल्यावर मुलांना एकच विचारलं: दोन्हीत सारखं काय होतं? उत्तरं त्यांच्या शब्दांत फळ्यावर लिहिली.

परीक्षेच्या दिवशी पाऊसही नाही आणि हजेरीही नाही. मी दिल्या दुधाच्या पावत्या. आमच्याकडे निम्म्या घरांत गाय नाहीतर म्हैस आहे, आणि लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम हे रकाने मुलांना पाहून माहीत असतात. दहा दिवसांच्या पावत्या हाताने लिहिलेल्या, एक पावती हरवलेली, एका दिवशी दूध घातलंच नाही. काम असं: तक्ता तयार कर, एकूण लिटर आणि एकूण रक्कम काढ, आणि या दहा दिवसांत सरासरी काय दर पडला ते सांग.

या शेवटच्या प्रश्नात पुढची पायरी आहे. समजा सकाळी ६ लिटर ३४ रुपयांनी गेलं आणि संध्याकाळी ४ लिटर ३७ रुपयांनी. दरांची नुसती सरासरी ३५ रुपये ५० पैसे. पण पैसे आले २०४ अधिक १४८, म्हणजे १० लिटरचे ३५२, लिटरला ३५ रुपये २० पैसे. एका मुलीने सरासरीचं सूत्र दरांच्या रकान्यावर लावलं, उत्तर लिहिलं आणि मग थांबली. पाटीवर बोटांनी काहीतरी गिरवत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, हे खरं नाही. सकाळचं दूध जास्त आहे ना.” आणि तिने रकमेला लिटरने भागलं. तिला लॅबमधल्या लेखी चाचणीत कायम पन्नासपैकी तीस-बत्तीस गुण असायचे. माझ्या सगळ्या नोकरीत मूल्यमापनाने मला इतका आनंद क्वचित दिला असेल.

आता गुण कसे द्यायचे. इथे मी गिक-होलिओकच्या त्या एका वाक्याचा उपयोग करते: कितीव्या इशाऱ्यावर मूल सुटलं ते मोजायचं. काहीही न सांगता वाट सापडली तर पाचपैकी पाच. अडलं तर पहिला इशारा सगळ्यांना सारखाच: ‘असं काही आपण आधी केलंय का?’ त्यावर सुटलं तर चार. नाही तर दुसरा: ‘पावसाच्या तक्त्यात मोकळ्या रकान्याचं काय झालं होतं?’ तीन. तरी नाही तर जुनी फाइल शोधून उघडायला सांगायची आणि शेजारी ठेवून बघायला सांगायचं. दोन. त्यानंतर मी स्वतः करून दाखवते आणि तेच दुसऱ्या आकड्यांवर करायला लावते. जमलं तर एक. इशाऱ्यांची वाक्यं आधी कागदावर लिहून ठेवा आणि प्रत्येक मुलाला तीच वापरा. नाहीतर लाडक्या मुलाला आपण नकळत अर्धं उत्तर सांगून जातो. मी सांगितलेलं आहे, म्हणून म्हणते.

या पद्धतीचा मोठा फायदा असा की परीक्षा संपेपर्यंत प्रत्येक मूल काहीतरी शिकून उठतं. ‘नापास’ असा कुणीच राहत नाही, आणि तरीही पाच आणि दोन यांतला फरक खरा असतो. पुढे काय शिकवायचं तेही त्या आकड्यावरून कळतं. ज्याला पहिल्याच इशाऱ्याला आठवतं त्याला आणखी वेगवेगळी कामं द्यायची. ज्याला शेवटपर्यंत जावं लागलं त्याला ते कौशल्यच पुन्हा शिकवायचं.

पहिल्या वर्षी मी आणि विज्ञानाच्या सरांनी मिळून दहा मुलं तपासली, दोघांनी वेगवेगळे गुण लिहिले आणि मग जुळवले. चार मुलांत फरक निघाला. बसून बोललो तेव्हा लक्षात आलं की सर ‘मूल माझ्याकडे बघतंय’ यालाच मदत मागणं धरत होते. निकष स्पष्ट केले, पुढच्या खेपेला फरक एकाच मुलात राहिला. तुमच्या शाळेत कुणीतरी एक जोडीदार शोधा. एकट्याने दिलेल्या तोंडी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांवर पालकही विश्वास ठेवत नाहीत आणि काही दिवसांनी आपलाही राहत नाही.

साठ मुलं आणि दहा मशीनचं गणित. मी एका वेळी आठ मुलं घेते, दोन मशीन राखीव, कारण एखादं तरी बंद पडतंच. साठ मुलांना आठ तास लागतात. आठवड्याला दोन तास असतील तर महिनाभर. बाकीची मुलं लॅबमध्येच सतरंजीवर बसून कागदावरचं काम करतात. कागदावर डिजिटल कौशल्य तपासता येत नाही असं समजू नका. मी स्प्रेडशीटच्या पडद्याची छापील प्रत देते, त्यात बेरीज मुद्दाम चुकलेली असते, आणि विचारते की ही बेरीज अशी का आली असेल. तीन शक्यता लिहा आणि कोणती आधी तपासाल ते सांगा. वीज गेली तरी ही परीक्षा थांबत नाही. महिनाभरात प्रश्न फुटेल ही भीती मलाही होती. फुटतो. पण प्रत्येक आठजणांना काम वेगळं मिळतं, कुणाला दूध, कुणाला किराणा उधारीची वही, कुणाला विजेच्या मीटरच्या नोंदी, कुणाला कबड्डीचे गुण. मागच्या आठांनी पुढच्यांना ‘मोकळ्या रकान्याकडे बघ’ असं सांगितलं तर मला ते हवंच आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नका. ज्या मुलाच्या घरी लॅपटॉप आहे त्याचा हात माउसवर सहज पडतो. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६.२ टक्के आणि मुली २६.९ टक्के आहेत. त्यांच्यातल्या ७६ टक्क्यांनी त्या आठवड्यात फोन समाजमाध्यमांसाठी वापरला होता, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. म्हणजे फोन सवयीचा असणं वेगळं आणि कामाला येणं वेगळं, आणि सवयीतही मुली मागे ठेवल्या गेल्यात. म्हणून परीक्षेआधी दहा मिनिटं मी सगळ्यांना मशीनवर मोकळं सोडते आणि वेळेला गुण कधीच ठेवत नाही. वेगाला गुण दिले की आपण घरची परिस्थिती मोजतो.

मराठी टंकलेखनाबद्दल थोडं सांगते, कारण आपल्याकडे ते फार दुर्लक्षित आहे. मुलं फोनवर रोमन लिपीत मराठी लिहितात किंवा बोलून टाइप करतात. मी त्यांना कळफलक पाठ करायला लावत नाही. एकच गोष्ट नीट समजावते: युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, जोडाक्षर हे अक्षर, हलन्त, अक्षर असं बनतं. क, हलन्त, ष मिळून क्ष. ज, हलन्त, ञ मिळून ज्ञ. हे संगणकाच्या इनस्क्रिप्ट या प्रमाणित कळफलकावर खरं आहे आणि फोनवरच्या देवनागरी कळफलकावरही. परीक्षेत मी न वापरलेला कळफलक समोर ठेवते आणि ‘शास्त्रज्ञ’, ‘महाराष्ट्र’, ‘पुनर्वसन’ हे शब्द लिहायला सांगते. र्व मधला रफार कसा येतो हे ज्याला कळलंय तो कळ शोधून काढतो. आणि एकदा तरी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली प्रश्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा. रोमन अक्षरांची ती खिचडी बघून मुलं विचारतात की मराठी गेली कुठे. अक्षराचं चित्र आणि अक्षराचा सांकेतिक क्रमांक यांतला फरक त्या एका प्रश्नातून उलगडतो.

माहिती खरी की खोटी हे तपासण्याचं कौशल्य मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी २०१७मध्ये ४५ जणांना संकेतस्थळं तपासायला दिली: १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यशोधक आणि २५ विद्यार्थी. विद्यार्थी आणि बरेच इतिहासतज्ज्ञसुद्धा त्याच पानावर खाली-वर वाचत राहिले, त्याच्या रूपावर आणि भाषेवर भाळले. तथ्यशोधक काही क्षणांत ते पान सोडून बाहेर पडले आणि बाकीचे या पानाविषयी काय म्हणतात ते बघू लागले. पानाबाहेर पडणं हेच इथलं मूळ कौशल्य.

आमच्या वर्गात मी पुराचा एक फोटो देते, खाली मजकूर ‘आत्ताचा कोल्हापूर’. कोल्हापूर-सांगलीने २०१९ आणि २०२१ असे दोन मोठे पूर पाहिलेत, त्यामुळे जुना फोटो नव्या पुरात फिरणं आमच्या मुलांना अनोळखी नाही. फोटोवरून शोध घ्यायचा आणि तो सगळ्यात आधी कुठे, कोणत्या तारखेला दिसला ते काढायचं. दुसरं काम एखाद्या बातमीच्या मथळ्याचं. परीक्षेत मात्र फोटो नसतो. असतो मोफत लॅपटॉप देणाऱ्या ‘सरकारी योजने’चा संदेश, आणि त्यातल्या दुव्याचा छापील पत्ता. दुवा कुणीही उघडायचा नाही हा नियम. नुसतं ‘खोटं आहे’ एवढंच उत्तर आलं तर मी शून्य गुण देते, कारण ते अंदाजानेही येतं. गुण आहेत ते कुठे-कुठे जाऊन पाहिलं त्याला: पत्त्याचा शेवट डॉट गव्ह डॉट इन आहे का, त्या खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ही योजना आहे का, बातमी आणखी कुणी दिली आहे का. एका मुलाने लिहिलं, ‘तहसील कार्यालयात काकांना फोन करून विचारलं.’ मी पूर्ण गुण दिले. पानाबाहेर पडणं म्हणजे इंटरनेटवरच राहणं असं कुठे आहे?

तुम्ही चॅटबॉटवरून लिहून आणलेल्या प्रकल्पांबद्दलही विचारलंय. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि दोन वर्षांत आमच्या गावच्या मुलांच्या वह्यांत त्याची भाषा दिसू लागली. घरी करून आणलेल्या प्रकल्पाला गुण देणं मी बंद केलं आहे. प्रकल्प आणा, कुणाच्याही मदतीने आणा, पण गुण वर्गात तीन मिनिटांच्या बोलण्याला. मी त्यातली एक गोष्ट बदलते: ‘हाच तक्ता डोंगराळ गावासाठी केला असता तर कोणता रकाना वाढवला असता?’ ज्याने विचार केलाय तो बोलतो. दुसरं काम मला जास्त आवडतं: चॅटबॉटला आपल्या गावाबद्दल विचारा आणि त्याच्या उत्तरातल्या चुका पुराव्यासकट शोधून आणा. आमच्या जवळच्या किल्ल्याला त्याने दुसऱ्याच तालुक्यात नेऊन ठेवलं होतं. मुलं टोपोशीट, म्हणजे परिसराचा तपशीलवार नकाशा, घेऊन आली होती.

आता अडचणीचा भाग, अंतर्गत गुणांचा. संगणकाचे गुण दहावीच्या टक्केवारीत येत नाहीत, म्हणून त्याकडे कुणी बघत नाही हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण भूगोल, विज्ञान, मराठी यांचे अंतर्गत गुण येतात, आणि पावसाचा तक्ता भूगोलाचाच आहे. हे कौशल्य त्या विषयांच्या अंतर्गत मूल्यमापनात न्या. आठवीपर्यंत तर २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प ही साधनं आपल्या हातात दिलीच आहेत. नवी परवानगी कुणाकडे मागायची नाही.

मात्र ते गुण आपण खैरातीसारखे वाटत आलो, हे आपल्याला मान्य करावं लागेल. २०१९च्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले गेले आणि निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते परत आले आणि निकाल ९५.३० झाला. २०१९ला अभ्यासक्रमही नवा होता, आणि २०२०ला आमच्या भूगोलाचा पेपर कोविडमुळे झालाच नाही. त्यामुळे सगळा फरक या २० गुणांचाच असं मी म्हणणार नाही. पण ज्या गुणांत वर्गातली सगळी मुलं १८, १९ आणि २० अशीच बसतात, ते गुण मुलाबद्दल काही सांगत नाहीत. तुम्ही इशारे मोजून पाचपैकी दोन लिहिलेत तर स्टाफरूममध्ये प्रश्न येईल. माझ्याकडेही आला. मी मुख्याध्यापकांना आणि दोन पालकांना लॅबमध्ये बसवून एक परीक्षा दाखवली. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

शेवटचा तुमचा प्रश्न, प्रगतिपुस्तकात काय लिहायचं. १९८८मध्ये रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, नुसते गुण मिळालेली नाही, आणि गुण व शेरा दोन्ही मिळालेली मुलंही सुधारली नाहीत, बहुधा गुण दिसले की शेऱ्याकडे लक्ष जात नाही म्हणून. म्हणून मी परीक्षेनंतर आठ दिवस गुण सांगतच नाही. फक्त दोन ओळींची चिठ्ठी देते. त्या दुधाच्या पावत्यांच्या वेळची एक चिठ्ठी माझ्या वहीत आहे: ‘तक्ता स्वतः मांडलास. हरवलेल्या पावतीच्या जागी शून्य लिहिलंस, त्यामुळे सरासरी खाली आली. पावसाच्या तक्त्यात असा दिवस कोणता होता ते शोध आणि गुरुवारी मला सांग.’ गुरुवारी तो मुलगा पहिल्या तासाआधीच लॅबच्या दारात उभा होता, हातात पावसाची वही आणि बोट १८ जुलैवर.